ओट्याखालचे जर्मन

ज्या घरातला मुलगा अमेरिकेत आणि मुलगी जर्मनीत असते, त्या घराला आमच्या सोसायटीत वेगळाच मान आहे. त्यांच्या पार्किंगमध्ये कुणी चुकूनही स्कूटर लावत नाही आणि गणपतीचं पावती पुस्तक सगळ्यात आधी त्यांच्याकडे जातं. ज्यांची मुलं कोथरूडच्या पलीकडे गेली नाहीत, त्यांनी मात्र मन लहान करायचं कारण नाही. रात्री पाणी प्यायला उठावं, स्वयंपाकघरातला दिवा लावावा आणि शांतपणे बघावं. मोरीच्या जाळीतून मिशा हलवत वर येतो तो अमेरिकन. मिक्सरच्या मागून निघून शेगडीखाली पळतात ते जर्मन. दोन्ही देश एकाच घरात, आणि तेही व्हिसाशिवाय.

ही नावं मी ठेवलेली नाहीत. स्वीडनच्या लिनियसनं जगातल्या झाडून सगळ्या प्राण्यांना दोन-दोन नावं द्यायचा सपाटा लावला होता, त्यात झुरळंही सुटली नाहीत. चार सेंटिमीटर लांबीच्या तांबूस झुरळाला त्यानं १७५८ साली 'अमेरिकाना' केलं, आणि मानेवर दोन काळ्या रेघा असलेल्या छोट्या, फिक्या झुरळाला १७६७ साली 'जर्मानिका'. दोन्ही पत्ते चुकीचे. अमेरिकन मूळचा आफ्रिकेचा. गुलामांना कोंबून नेणाऱ्या जहाजांच्या तळातून तो अमेरिकेला पोचला असावा असं मानतात. जर्मनाची कथा याहून मजेशीर आहे, पण आधी अमेरिकनाला वाटेला लावू.

हा ओलीतला जीव. गटारं, ड्रेनेजचे चेंबर, जुन्या वाड्यातली मोरी ही त्याची वतनं. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की तो पाइपानं वर येतो आणि बाथरूममध्ये, बादलीच्या कडेला, आपण साबण डोळ्यांत गेल्यामुळे डोळे मिटलेले असताना दर्शन देतो. त्याला पंख आहेत हे आपण वर्षातले अकरा महिने विसरलेलो असतो. मे महिन्यातल्या एखाद्या उकाड्याच्या रात्री ते त्यालाच आठवतं. घरातलं कर्तं माणूस कोण, हा प्रश्न ज्या कुटुंबात वर्षानुवर्षं भिजत पडला आहे, तिथे तो अशा रात्री अर्ध्या मिनिटात सुटतो. आमच्याकडे बाबा गॅलरीत गेले, दार आतून लागत नाही म्हणून बाहेरून धरून उभे राहिले आणि काचेतून सूचना देऊ लागले. "घाबरू नका, ते काही करत नाही!" असं ते ओरडत होते. कर्तं माणूस आई निघाली.

चप्पल का लागत नाही याचं कारण आपल्या नेमबाजीत नाही. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन छोटे सुळके असतात आणि त्यांच्यावर बारीक केस. चप्पल खाली येते तेव्हा तिच्यापुढची हवा ढकलली जाते, ती झुळूक या केसांना जाणवते, आणि मेंदूला न विचारताच पायांना हुकूम सुटतो. सेकंदाच्या विसाव्या भागात झुरळ वळून पळायला लागलेलं असतं. तेवढ्या वेळात आपला 'उजव्या पायातली काढू की डाव्या' हा विचारही सुरू झालेला नसतो. अमेरिकन झुरळाचा वेग १९९१ साली कॅलिफोर्नियात मोजला गेला. सेकंदाला दीड मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट. त्या वेगात ते पुढचं अंग उचलून चक्क मागच्या दोन पायांवर धावतं. माणूस या हिशेबानं पळाला तर दादरहून निघालेले गृहस्थ पाऊण तासाच्या आत पुण्यात पोचतील, आणि वर 'घाटात जरा वेळ गेला' म्हणतील.

आईनं चप्पल कधी उचललीच नाही. ती भांड्यांच्या साबणाचं पाणी तांब्यात घेते आणि शांतपणे झुरळावर ओतते. झुरळ नाकानं श्वास घेत नाही, त्याच्या दोन्ही कुशींना छिद्रांच्या दहा जोड्या असतात. साधं पाणी त्या छिद्रांत सहजासहजी शिरत नाही, साबणाचं शिरतं. आई जीवशास्त्र शिकलेली नाही. मी शिकलो आहे, आणि मी स्टुलावर उभा असतो.

शिकलो म्हणजे, आमच्या पिढीला झुरळ अकरावी-बारावीत भेटलं. मेणाच्या ट्रेमध्ये ते उताणं टाचून आतली व्यवस्था उलगडायची, पचनसंस्था एका बाजूला, चेतासंस्था दुसऱ्या बाजूला, आणि डबा खायची सुट्टी लगेच त्यानंतर. पुढे या चिरफाडीवर बंधनं आली, पण पाठ्यपुस्तकातला मुक्काम त्यानं सोडला नाही. त्यातली एक गोष्ट माझ्या अजून लक्षात आहे. झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात. आपल्याला चार, आणि तेवढ्यावर मराठीत केवढी कविता झाली! तेरा कप्पे असते तर दिवाळी अंक टेम्पोतून न्यावे लागले असते.

दुसरी गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते. डोकं उडवलं तरी झुरळ काही आठवडेसुद्धा जगू शकतं. त्याचं रक्त आपल्यासारखं दाबानं नळ्यांतून वाहत नाही, त्यामुळे मान तुटली तरी धार लागत नाही, जखम गोठून बंद होते. श्वास कुशीतून चालतो, पाय हलवायच्या गाठी धडातच असतात. शेवटी ते मरतं ते तहानेनं किंवा बुरशी लागून. इथे राजकारणावरचा एक विनोद अगदी तयार उभा आहे. मी तो करत नाही, वाचकांनी आपापल्या मतदारसंघाप्रमाणे करून घ्यावा.

याच बळावर 'अणुयुद्ध झालं तरी झुरळं उरतील' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत कुणीतरी एक काका म्हणतातच. माणसापेक्षा कितीतरी पट जास्त किरणोत्सर्ग झुरळ सोसतं हे खरं. पण या स्पर्धेत त्याचा नंबर वरचा नाही. पिकल्या केळ्यावर घोंघावणारं ते चिमुकलं चिलट त्याच्याहून कितीतरी चिवट आहे, फक्त त्याला बघून कुणी किंचाळत नाही म्हणून त्याचं नाव झालं नाही. आणि समजा माणसं गेली आणि झुरळं उरली, तर त्यांतल्या जर्मनाचं काय होणार? तो माणसाच्या घराबाहेर कुठे रानावनात राहतच नाही. जंगलात नाही, शेतात नाही, जर्मनीतल्याही जंगलात नाही. त्याला गाव नाही, शिवार नाही. त्याला आपणच.

आता त्याची कथा. अठराव्या शतकात युरोपात सात वर्षांचं युद्ध झालं. सैन्याच्या भाकरीच्या साठ्यात ही छोटी झुरळं सापडू लागली. रशियन शिपाई म्हणाले, ही प्रशियातून आली. प्रशियाचे शिपाई म्हणाले, छे, ही रशियन. रशियन भाषेत त्याला आजही 'प्रुसाक' म्हणतात. लिनियसनं युद्ध संपल्यावर चार वर्षांनी निकाल दिला आणि जर्मनांच्या माथी हा आहेर कायमचा बसला. यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या सोसायटीत ए विंगवाले 'बी विंगकडून येतात' म्हणतात, बी विंगवाले 'ए विंगच्या डक्टमधून', आणि आम्हाला तर लिनियससुद्धा लाभलेला नाही.

खरा निकाल २०२४ साली लागला. शास्त्रज्ञांनी १७ देशांतली २८१ झुरळं जमवली आणि त्यांचा डीएनए ताडून वंशावळ मांडली. (आपल्याकडे कुलवृत्तांत काढायला याहून कमी कष्ट घेतात.) निष्कर्ष असा की जर्मन झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये, शेतात राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून निपजलं. आपल्याकडे सातवाहनांच्या राजवटीचा तो सुमार. त्याचा तो शेतकरी भाऊ अजून शेतातच आहे, दिवा दिसला की त्याच्याकडे झेपावतो. आपल्या मंडळींनी शेती सोडली, माणसाच्या घरात शिरली आणि दिव्याशी कायमचं वैर धरलं. बाराशे वर्षांपूर्वी व्यापारी आणि सैन्यांच्या सामानातून ती पश्चिम आशियात गेली, युरोपियन कंपन्यांच्या काळात आणखी पसरली, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात पोचली. तिथे तिला नाव मिळालं. मग आगबोटी आणि ऊबदार घरं आली तसं सगळं जग.

म्हणजे हा आपलाच मुलगा. परदेशी गेला, तिथलं नाव लावलं, आणि परत येऊन आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्याच्या थाटात राहतोय. महाराष्ट्रात डोमिसाईलच्या दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. याचं एकवीसशे वर्षांचं आहे, फक्त लाइट बिल त्याच्या नावावर नाही.

परत आल्यावर त्याची व्यवस्थाही आपण चोख केली. माझ्या लहानपणी ओट्याखाली कडप्प्याचे उघडे कप्पे होते. तिथे उजेड होता, वारा होता, आणि दर शनिवारी आजी त्यातलं सगळं बाहेर काढून धूत असे. मग मॉड्युलर किचन आलं. आता ओट्याखाली बंद, अंधारी, गरम, दमट पोकळी असते, तिच्यात ट्रॉल्या सरकतात आणि ट्रॉलीच्या मागे जी जागा असते ती बसवणाऱ्या सुतारानंतर कुठल्याही माणसानं पाहिलेली नसते. जर्मन झुरळाला एकाच वेळी पाठ वर टेकलेली आणि पोट खाली टेकलेलं असं आवडतं, साधारण अर्ध्या सेंटिमीटरची फट त्याला पुरते. प्लायवूड आणि भिंत यांच्यामध्ये नेमकी तेवढीच सोडायची पद्धत आहे. अमेरिकनाची तर बातच नको. अंग चपटं करून तो तीन मिलिमीटरच्या फटीतून निघून जातो, आणि शरीराच्या नऊशे पट वजन सोसूनही पुन्हा चालायला लागतो, हे २०१६ साली बर्कलीत दाबून बघितलेलं आहे. आम्ही किचनवर साडेतीन लाख खर्च केले. राहतात ते.

जेवणाबद्दल त्यांची तक्रार नसते. उष्टं-खरकटं तर आहेच, शिवाय साबण, केस, पाकिटाचा डिंक, पुस्तकांच्या बांधणीची खळ, अडचण पडली तर भाऊबंदसुद्धा. आमच्या जुन्या दिवाळी अंकांचे कणे त्यांनी वाचकांपेक्षा बारकाईनं चाळलेत. वंशवाढीचं म्हणाल तर जर्मन मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाला लावून जवळजवळ उबेपर्यंत सांभाळते. अमेरिकन मादी चौदा-सोळा अंड्यांची डबी कोपऱ्यात चिकटवून मोकळी होते. अमेरिकन माद्यांचं तर नरावाचूनही चालतं. जपानमध्ये २०१७ साली दिसून आलं की तीन किंवा अधिक माद्या एकत्र राहिल्या की नराशिवाय अंडी घालायचं काम एकटीपेक्षा लवकर होतं. आमच्या बिल्डिंगमधल्या भिशीत मी हे सांगितलं. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

त्यांच्या घरवाटपाचाही अभ्यास झाला आहे, आणि तो प्रत्येक सोसायटीच्या कार्यालयात फ्रेम करून लावावा असा आहे. २००६ साली पन्नास जर्मन झुरळांना तीन निवारे दिले, प्रत्येकात चाळीस मावतील एवढे. कुणी नेता नाही, मतदान नाही, ठराव नाही. झुरळं पंचवीस-पंचवीस अशी दोन निवाऱ्यांत गेली आणि तिसरा रिकामा ठेवला. निवारे मोठे दिले तर सगळी एकातच राहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात झुरळांचा वास लावलेले छोटे यंत्रमानव अमेरिकन झुरळांत सोडले. ते यंत्रमानव उजेडाच्या, म्हणजे नावडत्या निवाऱ्यात जाऊन बसायला लागले, तशी बरीच झुरळंही त्यांच्या मागे गेली. योग्य वास लावला की झालं. हाही विनोद मी करत नाही.

पण गंमत एका मर्यादेपर्यंतच. झुरळ सहसा चावत नाही, बाबा गॅलरीतून सांगत होते तेवढं बरोबर आहे. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेनं, लाळेनं आणि गळून पडलेल्या कातीच्या भुकटीनं. ती हवेत मिसळते आणि मुलांचा दमा बळावतो. १९९७ साली अमेरिकेतल्या शहरांतल्या ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीतही झुरळांचा अंश भरपूर होता, त्यांच्यावर इस्पितळात दाखल व्हायची वेळ इतरांच्या तिपटीहून जास्त येत होती. म्हणजे रात्रभर खोकणाऱ्या मुलासाठी आपण थंड पाणी, दही, केळं सगळं बंद करतो आणि ट्रॉलीच्या मागे बघायचं राहून जातं. शिवाय गटारातून येऊन झुरळ ताटावरून फिरतं, तेव्हा पायांना लागलेले जंतू पुसून येत नाही. आणखी एक. झुरळात जे प्रथिन ॲलर्जी आणतं, त्याचंच जवळचं भावंड कोळंबीत असतं, त्यामुळे काहींना एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही त्रास देते. आमच्या मालवणी शेजाऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, जेवताना कोळंबीबद्दल वाईट बोलू नये."

उपायांचं म्हणाल तर प्रत्येक घरात एक संप्रदाय असतो. डांबराच्या गोळ्या सिंकमध्ये टाकणारे, खडूनं रेघ ओढणारे, फवारा मारून स्वतःच खोकत बाहेर येणारे. कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या करणारे आमच्या आजीच्या पंथाचे, आणि हा पंथ कामाचा आहे, फक्त गोळ्या पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्या लागतात. अलीकडे पेस्ट कंट्रोलवाला येऊन बिजागऱ्यांच्या कोपऱ्यांत जेलचे मोहरीएवढे ठिपके लावून जातो. झुरळ ते खातं, आपल्या फटीत जाऊन मरतं, आणि त्याचे सगेसोयरे त्याची विष्ठा आणि प्रेत खाऊन तेही जातात. तेराव्याला जेवायला आलेल्यांचं आपोआपच तेरावं होतं. यापेक्षा हुशार उपाय माझ्या पाहण्यात नाही.

यावरही त्यांनी उत्तर काढलेलं आहे. जुन्या आमिषांत गोडी आणायला ग्लुकोज घालत. १९८०च्या दशकात अमेरिकेत काही ठिकाणची जर्मन झुरळं आमिष खाईनाशी झाली. पुढे २०१३ साली कळलं की या झुरळांच्या जिभेचं, म्हणजे जीभ म्हणून जे काही असतं त्याचं, गणित फिरलं होतं. त्यांना ग्लुकोज कडू लागायला लागलं होतं. आमच्या घरी डॉक्टरांनी तीन वेळा बजावूनही बाबांची साखर सुटत नाही. इथे अख्ख्या जमातीनं सोडली, डायटिशियनशिवाय. पण तिच्यापायी पुढे लग्नं अडली. जर्मन नर मादीला पाठीवरचा गोड स्राव चाखायला देतो आणि तिचं लक्ष तिकडे आहे तेवढ्यात कार्यभाग साधतो. साखर न चालणाऱ्या मादीच्या तोंडात तो स्राव ग्लुकोज व्हायला लागला की ती अर्ध्यावर उठून जाते. म्हणून काही नरांनी स्रावातल्या साखरेचा प्रकार बदलला आणि विधीही आटोपता घेतला. साखरपुडा बिनसाखरेचा.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेस्ट कंट्रोलचा वर्षाचा करार विषयपत्रिकेवर होता. पूर्ण बिल्डिंगमध्ये एकाच दिवशी केलं तरच उपयोग, कारण एका घरात फवारलं की ती पाइपानं शेजारी जातात, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, मान्य. फ्लॅटमागे आठशे रुपये पडतात, ज्यांच्याकडे झुरळं आहेत त्यांनी हात वर करावा. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे नव्हतीच हो कधी. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही रोज ओटा फिनाइलनं पुसतो, आमच्याकडे कुठली येणार. मुलगा अमेरिकेत असलेल्यांनी प्रश्न ऐकल्यासारखंही दाखवलं नाही. बाबांनी माझा हात टेबलाखाली धरून ठेवला होता. शेवटी झुरळं फक्त जिन्यात, लिफ्टमध्ये आणि मीटर रूममध्ये आहेत असं इतिवृत्तात नोंदवलं गेलं आणि तेवढ्याचाच करार एकमतानं मंजूर झाला.